आगमनकाळ आणि घरातलं दुःख : पहिल्या नाताळाला तुम्ही काय करता?

जांभूळबन (धागाकर्ती)

दिवाळी झाली आणि आमची आई प्रभूघरी गेली. आजारी होतीच, त्यामुळे अचानक म्हणता येणार नाही, पण मनाची तयारी कुणाची असते. आता आगमनकाळ लागलाय, वेदीवर जांभळं वस्त्र चढलंय, दर रविवारी एक अशा चार मेणबत्त्यांतली पहिली पेटली, आणि मी क्वायरमध्ये, म्हणजे चर्चच्या गायकवृंदात, असल्यामुळे मला पुढे सगळ्या मंडळीच्या समोर बसावं लागतं, आणि खरं सांगायचं तर मी तिथे बसावं की घरीच राहावं हेच कळत नाहीये.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं. आमचं पुण्यातलं चर्च सीएनआयचं, म्हणजे चर्च ऑफ नॉर्थ इंडियाचं, पण मूळचं अँग्लिकन, म्हणजे चर्च ऑफ इंग्लंडच्या परंपरेतलं, त्यामुळे पुस्तकातून प्रार्थना, काळानुसार बदलणारे वस्त्रांचे रंग, वेदीपाशी गुडघे टेकून प्रभुभोजन (भाकर आणि द्राक्षारस घेण्याचा विधी), हे सगळं अजून त्याच वळणाचं आहे. आगमनकाळ म्हणजे नाताळच्या आधीचे चार रविवार, ३० नोव्हेंबरच्या सगळ्यात जवळचा रविवार तो पहिला. यंदा तो बरोबर ३० तारखेलाच आला.

मावशी म्हणते वर्षभर सण नाही, स्टार लावायचा नाही, करंज्या-चकल्या करायच्या नाहीत, शेजाऱ्यांनी आणून दिलं तर घ्यायचं. पप्पा काहीच बोलत नाहीत. भावाची मुलं लहान आहेत, त्यांनी स्टार आणून कपाटावर ठेवलाय आणि रोज विचारतात. तरुण संघातल्या एका मुलाने फोन करून फार अदबीने विचारलं, ताई यंदा कॅरलला तुमच्याकडे यायचं का, मी म्हटलं सांगते, आणि अजून सांगितलेलं नाही.

आणि चर्चमध्ये १ डिसेंबरपासूनच नाताळ सुरू होतो ना. संडे स्कूलच्या नाटकाच्या तालमी, महिला संघाचा ख्रिसमस ट्री, गेटपासून लायटिंग, सगळे भेटले की हसून "काय मग तयारी झाली का", आणि मी हसते. कुणाचा दोष नाही. पण मला असं वाटायला लागलंय की दुःखाला तिथे जागाच नाही, आणि माझ्यासारखी आणखी कितीतरी घरं आमच्या मंडळीत असतील जी या महिन्यात गुपचूप मागच्या बाकावर बसतात नाहीतर येतच नाहीत. ज्यांच्या घरी असं झालंय त्यांनी काय केलं ते सांगाल का.

मृदगंध

जांभूळबन, आईंना श्रद्धांजली. मी ख्रिस्ती नाही, पण तुम्ही लिहिलेलं अगदी आमच्या घरातलं वाटलं, सासरे गेले त्या वर्षी आमच्याकडे गोडधोड नाही, कंदील नाही, शेजारच्या काकूंनी फराळाचे डबे आणून दिले होते. तुमच्यात सुतक वगैरे मानतात का? म्हणजे धर्मात आहे की आपल्याकडची रीत म्हणून आली?

नगरी_माणूस

मृदगंधताई, शास्त्रात सुतक नाही. पण आम्ही नगरकडचे ख्रिस्ती लोक गावातच राहिलो, तिथेच वाढलो, त्यामुळे पहिल्या वर्षी सण न करणं आमच्या जुन्या घरांत सर्रास पाळतात, आजी गेली तेव्हा वडिलांनी नाताळला नवे कपडेसुद्धा घेतले नव्हते. उपासनेला मात्र गेले, प्रभुभोजन घेतलं आणि घरी आले.

जांभूळबनताई, एक सांगू का, मावशींना "जुन्या विचारांची" म्हणून बाजूला सारू नका. तुमची आई गेली तशी त्यांची बहीण गेली. लहानपणीचे सगळे नाताळ त्यांनी एकत्र केले असतील. त्या स्टारला नाही म्हणतात त्यात रीत किती आणि बहिणीची आठवण किती हे त्यांच्याजवळ बसून विचारा एकदा.

निवृत्त_पाळक

मुली, तुझ्या आईसाठी देवाचे आभार मानतो आणि तुझ्यासाठी प्रार्थना करतो.

तू लिहिलंस की दुःखाला तिथे जागा नाही. मला उलट सांगायचं आहे आणि जरा सविस्तर सांगायचं आहे कारण मी आयुष्यभर वेदीपाशी हेच सांगत आलो. आगमनकाळ हा नाताळाचा पहिला भाग नाही. तो वेगळा काळ आहे आणि त्यात मृत्यू पहिल्यापासून आहे. पश्चिमेकडच्या मंडळीत शतकानुशतकं आगमनाच्या चार आठवड्यांत उपदेशाचे चार विषय ठरलेले असत, मृत्यू, न्याय, स्वर्ग आणि नरक. म्हणजे मेणबत्त्यांवर आशा, शांती, आनंद, प्रीती ही नावं येण्याच्या कितीतरी आधी पहिल्या आठवड्याला पाळक उभा राहून मरणावर बोलत असे. आता ते कुणी करत नाही, लोक म्हणतील डिसेंबरमध्ये हे काय अशुभ. पण ज्याच्या घरात नुकतं मरण येऊन गेलंय त्याच्यासाठी तोच एक उपदेश कामाचा असतो.

पहिल्या रविवारची जी प्रार्थना आहे, १५४९ च्या पहिल्या प्रार्थनापुस्तकासाठी आर्चबिशप क्रॅन्मरने लिहिलेली, ती नीट वाच. अंधकाराची कर्मे टाकून प्रकाशाची शस्त्रसामग्री धारण करण्याची कृपा मागितली आहे, बायबलातल्या रोमकरांस पत्राच्या तेराव्या अध्यायातून. आणि पुढे म्हटलंय की आता, या मर्त्य जीवनाच्या काळात, ज्या काळात तुझा पुत्र मोठ्या नम्रतेने आम्हांला भेटायला आला. नंतर शेवटच्या दिवशी अमर जीवनासाठी उठण्याची विनंती. मर्त्य जीवन आणि अमर जीवन, दोन्ही एकाच प्रार्थनेत. १६६२ च्या पुस्तकात सूचना आहे की ही प्रार्थना नाताळच्या आदल्या दिवसापर्यंत रोज म्हणायची. रोज. म्हणजे सगळी मंडळी महिनाभर रोज आपल्या मरणाचा उल्लेख करते, आणि तू समजतेस की तुझं दुःख तिथे परकं आहे.

आणखी एक. जुन्या पुस्तकात सगळी स्तोत्रं महिन्याच्या तीस दिवसांत वाचून संपतात, काळ कुठलाही असो. त्यात १७ तारखेच्या सकाळी स्तोत्र ८८ येतं. बाकीच्या शोकाच्या स्तोत्रांत शेवटी कुठेतरी आशेचं वळण येतं, यात येत नाही, ते अंधारातच संपतं. आणि ते १७ डिसेंबरलाही येतं, नाताळच्या आधी आठ दिवस. ज्यांनी ही व्यवस्था लावली त्यांनी सण जवळ आलाय म्हणून ते गाळलं नाही. मी एकटा असलो तरी त्या सकाळी ते मोठ्याने वाचतो.

अवांतर : आमची चर्च ऑफ नॉर्थ इंडिया जन्मली तीही आगमनातच, २९ नोव्हेंबर १९७० ला नागपूरला, त्या दिवशी आगमनाचा पहिला रविवार होता. सहा मंडळ्या, म्हणजे वेगवेगळ्या परंपरांची चर्चं, एकत्र आल्या, त्यातली एक अँग्लिकन. म्हणून एकाच शहरातल्या दोन सीएनआय चर्चमध्ये उपासनेचं वळण वेगळं दिसतं, एकीकडे वेदी आणि जांभळं वस्त्र, दुसरीकडे नुसतं व्यासपीठ.

लीड्सकर

ताई, मी इथे इंग्लंडमध्ये नर्स आहे आणि जवळच्या पॅरिश चर्चमध्ये जाते. माझे बाबा सोलापूरला गेले तेव्हा मला वेळेवर पोचता आलं नाही, दफन मी फोनवर पाहिलं, म्हणून थोडं लिहिते.

इकडे नोव्हेंबर महिनाच मृतांचा असतो. २ तारखेला ऑल सोल्स, त्या सुमाराला चर्चमध्ये उपासना होते, वर्षभरात ज्यांचे दफनविधी तिथे झाले त्या सगळ्या घरांना पत्र जातं, आणि उपासनेत एकेक नाव मोठ्याने वाचलं जातं आणि नातेवाईक पुढे येऊन मेणबत्ती लावतात. मी व्हिकरना, म्हणजे तिथल्या पाळकांना, विचारलं की माझे बाबा तर इथले नव्हेत, ते म्हणाले नाव लिहून द्या आणि उच्चार कसा करायचा ते सांगा. त्यांनी तीनदा म्हणून घेतलं माझ्याकडून. एका थंड दगडी चर्चमध्ये माझ्या बाबांचं संपूर्ण नाव, वडिलांच्या नावासकट, आडनावासकट वाचलं गेलं. मग महायुद्धांतल्या मृतांचा स्मरणाचा रविवार येतो आणि त्यानंतर आगमन. त्यामुळे आगमनात शिरतानाच मंडळी मृतांची आठवण घेऊन शिरते.

आणि आता पुष्कळ पॅरिशमध्ये २१ डिसेंबरच्या आसपास एक संध्याकाळची उपासना ठेवतात, वर्षातल्या सगळ्यात मोठ्या रात्रीची, काहीजण ब्लू ख्रिसमस म्हणतात. ज्यांना नाताळ जड जातोय त्यांच्यासाठी. दिवे कमी, गाणी थोडी, मधे बराच वेळ शांतता, कुणी उपदेश करून समजावत नाही. विधवा येतात, घटस्फोट झालेले येतात, ज्यांची मुलं बोलत नाहीत ते येतात. जुन्या पंचांगात २१ डिसेंबर हा संत थोमाचा दिवस होता, ज्याने जखमा पाहिल्याशिवाय विश्वास ठेवला नाही तो थोमा, मला तरी हे फार योग्य वाटतं.

अजून एक गोष्ट, जी मला इथे आल्यावर समजली. नऊ शास्त्रपाठ आणि कॅरल्सची जी उपासना आपल्याकडेही डिसेंबरमध्ये करतात ना, ती पहिल्यांदा १८८० साली इंग्लंडमधल्या ट्रुरोला झाली, नाताळच्या आदल्या रात्री, कॅथेड्रलचं बांधकाम चालू होतं म्हणून लाकडी शेडमध्ये. ती बसवणारे बिशप एडवर्ड बेन्सन, आणि त्यांचा थोरला मुलगा मार्टिन १८७८ मध्ये शाळेत असतानाच वारला होता, सतरा वर्षांचा. दुःखामुळे त्यांनी ही उपासना बसवली असं मी म्हणत नाही, पण पोरगा गेलेल्या बापाच्या हातून ती आली एवढं खरं. पुढे केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजमध्ये १९१८ साली एरिक मिलनर-व्हाइट यांनी ती सुरू केली, ते नुकतेच युद्धावरून परतलेले लष्करी पाळक, आणि कॉलेजची कितीतरी मुलं परत आलीच नव्हती. त्यांनी सुरुवातीच्या प्रार्थनेत एक भाग लिहिला, जे आपल्यासोबत आनंद करतात पण दुसऱ्या तीरावर आणि अधिक मोठ्या प्रकाशात, त्यांचं स्मरण करू या असा. दर वर्षी रेडिओवर मी त्या वाक्याची वाट बघते. लोक हे सगळं आनंदाचं म्हणून ऐकतात, आणि ते आहेच आनंदाचं, पण ते रडलेल्या माणसांनी बसवलेलं आहे ताई. तुम्ही क्वायरमध्ये बसा असं मी म्हणणार नाही, पण तिथे बसायचा तुमचा हक्क इतर कुणाहून कमी नाही.

कोलाबा_लाइन

लीड्सकर, फार छान लिहिलंत. मुंबईतल्या वाचकांसाठी जोडतो. कुलाब्याचं अफगाण चर्च, म्हणजे सेंट जॉन्स, हे पूर्ण चर्चच स्मारक म्हणून बांधलंय, पहिल्या अफगाण युद्धात आणि सिंधच्या मोहिमेत मेलेल्यांचं, १८५८ ला त्याचं अर्पण झालं. आणि फोर्टमधलं सेंट थॉमस कॅथेड्रल १७१८ च्या नाताळच्या दिवशी उघडलं. आत जाऊन भिंती वाचा, नुसत्या संगमरवरी पाट्या, तरुण अधिकारी, त्यांच्या बायका, तान्ही मुलं. ते साम्राज्याचे लोक होते, त्यांच्याबद्दल माझ्या मनात बरंच काही आहे, पण तीनशे वर्षं लोक त्या नावांच्या मधे बसून नाताळची उपासना करतायत. आपल्या माणसांच्या पाट्या लागत नाहीत, पण बाकं तीच आहेत.

वचनप्रेमी

धागाकर्तीच्या दुःखात सहभागी आहे. तरी स्पष्ट बोलतो. आपण १ थेस्सलनीकाकरांस ४:१३ विसरतोय का? ज्यांना आशा नाही अशा इतरांसारखा खेद करू नये असं पौल लिहितो. आई प्रभूजवळ आहे हा विश्वास असेल तर स्टार लावा, गाणी गा, हीच साक्ष आहे, शेजारीपाजारी बघतात. मोठ्या रात्रीची उपासना, मेणबत्त्या, नावं वाचणं हे सगळं आपल्या मंडळीत कशाला आणायचं. उद्या लोक मृतांसाठी प्रार्थना करायला लागतील, आणि ते वचनात बसत नाही.

जांभूळबन

वचनप्रेमी, तुम्ही मनापासून लिहिलंय हे समजतंय. पण आशा आहे म्हणून रडू येत नाही असं होत नाही हो. मला आईच्या स्वर्गाबद्दल शंका नाहीये, सकाळी उठल्यावर तिच्या खोलीचा दरवाजा दिसतो त्याचं काय करायचं ते माहीत नाहीये.

निवृत्त_पाळक

वचनप्रेमी भाऊ, पौलाचं वाक्य पूर्ण वाचा. आशा नसलेल्यांसारखा खेद करू नका असं तो म्हणतो, खेदच करू नका असं कुठे म्हणतो? मेलेल्या लाजराला आता उठवायचंय हे ठाऊक असून प्रभू त्याच्या कबरेपाशी रडला, योहान ११:३५. साक्ष तीही आहे.

मृतांसाठी प्रार्थनेचा मुद्दा मात्र खरा आहे, त्यावर अँग्लिकन लोकांत पूर्वीपासून दोन मतं आहेत आणि ती दडवायचं कारण नाही. १५४९ च्या पुस्तकात मृतांसाठी उघड विनंती होती, १५५२ मध्ये ती काढली. १६६२ मध्ये मंडळीसाठीच्या मोठ्या प्रार्थनेत एक वाक्य आलं, विश्वासात आणि देवाच्या भयात हे जीवन सोडून गेलेल्या सर्व सेवकांसाठी तुझ्या पवित्र नावाची आम्ही स्तुती करतो असं. विनंती नाही, उपकारस्तुती. नंतर पहिल्या महायुद्धात घरोघरी मुलं मेली, कित्येकांची कबरही नव्हती, तेव्हा इंग्लंडमधल्या पाळकांना आया विचारू लागल्या की मी माझ्या पोरासाठी प्रार्थनाही करायची नाही का, आणि तिथून विनंतीची प्रार्थना पुन्हा सार्वजनिक उपासनेत येत गेली. आमच्या पुण्यात पंचहौदच्या चर्चला काउली फादर या अँग्लिकन संन्यासी संघाच्या लोकांचं वळण होतं, ते मृतांसाठी प्रार्थना करणारे, तर सीएनआयमध्ये आलेल्या बाकीच्या मंडळ्यांत हे चालत नसे. म्हणून मी काय करत असे, तर नावं वाचायचो आणि उपकारस्तुती करायचो. त्याला दोन्हीकडच्या कुणी हरकत घेतली नाही. आपल्याकडे वर्षश्राद्धाच्या ऐवजी लोक पुण्यस्मरणाची उपकारस्तुतीची पाकिटं देतातच ना, नाव वेदीवरून वाचलं जातंच. मग आगमनात एका संध्याकाळी सगळी नावं एकत्र वाचली तर त्यात परदेशी असं काय आहे.

वचनप्रेमी

उपकारस्तुती म्हणून नावं वाचायला माझा विरोध नाही काका. विनंतीच्या प्रार्थनेला आहे, तो राहील. जांभूळबनताई, दरवाजाचं वाचलं. माझ्या वाक्याने त्रास झाला असेल तर क्षमा असावी.

आल्टो

क्वायरबद्दल लिहिते कारण मीही गाते आणि नवरा गेला त्या वर्षी मी तिथेच बसले होते.

पहिलं म्हणजे क्वायरमास्तरांना आधी सांगून ठेवा की मधेच थांबले तर थांबले, कुणी वळून बघायचं नाही. दुसऱ्या ओळीत कडेला बसा, उतरून जाता येईल अशी जागा. आल्टो-टेनरमधे, म्हणजे मधल्या सुरांत, आवाज गेला तर लपतो, सोप्रानो, म्हणजे सगळ्यात वरच्या सुरात, असाल तर दोन आठवडे खालचा सूर घ्या. आणि आगमनाची गीतं गा, नाताळची सोडा. खूप फरक आहे दोघांत. आगमनाची गीतं बहुतेक करून वाट बघण्याची, बंदिवासाची, "ये" म्हणणारी असतात, ओ कम ओ कम इमॅन्युएल घ्या, पहिल्याच कडव्यात परदेशात एकाकी शोक करणारं इस्राएल आहे. ते दुःखात गाता येतं. मला जे गाता आलं नाही ते आनंदाच्या कॅरल्स, तिथे मी नुसती उभी राहिले, पुस्तक धरून, आणि बाजूची बाई माझा भाग गात होती. मला त्या वेळी कळलं की मंडळी म्हणजे हेच, तुम्हाला जे म्हणता येत नाही ते शेजारचा म्हणतो, विश्वासांगीकारसुद्धा, म्हणजे आपण सगळे मिळून म्हणतो ती श्रद्धेची कबुली.

आणि तिसरा रविवार चुकवू नका. जुन्या पुस्तकाप्रमाणे त्या दिवशी मत्तय ११ असतं. बाप्तिस्मा करणारा योहान तुरुंगातून निरोप पाठवून विचारतो की जो येणार आहे तो तूच की आम्ही दुसऱ्या कोणाची वाट पाहावी. ज्याने स्वतः बोट दाखवून हा देवाचा कोकरा म्हटलं त्याला तुरुंगात हा प्रश्न पडला. आणि प्रभू रागावत नाही त्याच्यावर, उलट लोकांना सांगतो की योहानापेक्षा मोठा कुणी नाही. नवरा गेल्यावर माझा हाच प्रश्न होता, आणि तो वेदीवरून वाचला जाताना ऐकला तेव्हा मला पहिल्यांदा नीट श्वास घेता आला.

ढोलकी_गिटार

मी एका तरुण संघात आहे, कॅरलचा प्रश्न आमच्याकडे दर वर्षी येतो. आधी काय व्हायचं की ज्या घरी कुणी गेलंय ते घर गुपचूप यादीतून काढायचो, आपण चांगलंच करतोय असं वाटायचं. एकदा एका आजोबांनी अडवून विचारलं, बायको गेली म्हणून मी मंडळीतून गेलो का रे. तेव्हापासून फोन करूनच जातो. अशा घरी ढोलकी गाडीतच ठेवायची, सांताक्लॉज आत न्यायचा नाही, एक गीत, एक स्तोत्र, पाळक किंवा मोठं कुणी छोटी प्रार्थना करतं, आणि फराळाची अपेक्षा नाही हे आधीच सांगायचं, कारण घरच्या बायका उगाच धावपळ करतात. गीत शक्यतो गेलेल्या माणसाच्या आवडीचं विचारून घेतो, ते नाताळचंच पाहिजे असं नाही. ना. वा. टिळकांची अभंगाच्या चालीची गीतं जुन्या लोकांना पाठ असतात, ते आपोआप म्हणायला लागतात, अगदी जे कुणाशी बोलत नसतात तेही. ताई, तुमच्या फोनची ती मुलं वाट बघत असतील. हो किंवा नाही काहीही चालेल, पण सांगा.

जांभूळबन

सगळ्यांचं वाचलं, काही दोनदा वाचलं.

मावशीशी बोलले. नगरी_माणूस दादा, तुम्ही म्हणालात तसंच निघालं. ती म्हणाली की मिशन कंपाउंडमध्ये असताना तिच्या आणि आईच्या दोघींत मिळून एकच स्टार असायचा, बांबूच्या कामट्यांना पतंगाचा कागद लावून त्या स्वतः करायच्या, आणि तिला तो दुसऱ्या कुणी टांगलेला बघवणार नाही. तर ठरलं असं की चारही आठवडे काही लावायचं नाही, आगमनकाळ आगमनासारखाच पाळायचा, आणि २४ च्या संध्याकाळी मावशीच मुलांना घेऊन कामट्यांचा स्टार करणार. मुलांना हे विकतच्यापेक्षा जास्त आवडलंय. फराळ नाही, त्यावर मावशी ठाम आहे आणि मला पटलंय.

तरुण संघाला हो कळवलं. पप्पांना विचारलं कुठलं गीत, तर त्यांनी लगेच आकडा सांगितला उपासना संगीत या आमच्या गीतांच्या पुस्तकातला, पुस्तक न बघता. आई गेल्यापासून त्यांनी स्वतःहून काही सांगितलेलं हे पहिलंच.

आणि पाळकांशी बोलले नावं वाचण्याबद्दल. त्यांनी पास्टरेट कमिटीत, म्हणजे चर्चचा कारभार बघणाऱ्या समितीत, विचारलं, २१ तारखेच्या संध्याकाळी ठेवणार आहोत, रविवारच आहे. लायटिंग त्या दिवशी बंद. निवृत्त पाळककाका, स्तोत्र कुठलं घ्यावं, ८८ चालेल का की लोकांना फार जड होईल?

निवृत्त_पाळक

८८ वाच, पण त्याच्यावर कुणी बोलू नये, वाचून थांबायचं. मग १३०, पहाटेची वाट पाहणाऱ्या पहारेकऱ्यांचं. मधे यशया ४०, सांत्वन करा माझ्या लोकांचे सांत्वन करा. नावं आडनावासकट, आणि प्रत्येक नावाला पुरेसा वेळ द्या, घाईने यादी वाचल्यासारखं नको. नावं ज्यांना द्यायची त्यांना कागद आदल्या रविवारीच द्या. दफनविधीतलं स्तोत्र ९० त्या दिवशी टाळा, ते ऐकलं की लोक पुन्हा कबरीपाशी जाऊन उभे राहतात.

मृदगंध

अशा उपासनेला आमच्यासारख्यांनी आलेलं चालतं का?

जांभूळबन

चालतं हो ताई, नक्की या. सासऱ्यांचं नाव द्यायचं असेल तर द्या, लिहून घेईन.

कोरी_पाटी

आजच आयडी काढला. आमचं बाळ पाच महिन्यांपूर्वी गेलं, जन्मल्यानंतर दोन दिवसांनी. मला आगमन जमतंय, जमत नाहीये ते नाताळ. गव्हाणी, बाळ, सगळ्या गाण्यांत बाळ. संडे स्कूलच्या नाटकात कुणाचं तरी खरं बाळ ठेवणार आहेत म्हणे. नवरा म्हणतो नको जाऊ. सासूबाई म्हणतात लोक काय म्हणतील. तुम्ही सगळे आगमनाचं लिहिताय, नाताळच्या दिवसाचं काय करायचं?

लीड्सकर

कोरी_पाटी, फार वाईट वाटलं. मी प्रसूती विभागातच काम करते. तुमच्या मिस्टरांचं ऐका, नाटकाला जाऊ नका, कुणालाही कारण द्यायची गरज नाही. प्रभुभोजन हवं असेल तर पहाटेची किंवा सगळ्यात लहान उपासना निवडा, जिथे गाणी नसतात, आणि तेही नको वाटलं तर पाळकांना सांगा, ते घरी घेऊन येतात, आजाऱ्यांसाठी आणतात तसंच. बाळाला नाव ठेवलं असेल तर ते नाव २१ तारखेच्या यादीत द्या. दोन दिवसांचं असलं तरी.

निवृत्त_पाळक

मुली, नाताळनंतर तीनच दिवसांनी, २८ डिसेंबरला, मंडळी निर्दोष बालकांचा दिवस पाळते, हेरोदाने मारलेल्या बेथलेहेमच्या बाळांचा. त्या दिवशी मत्तय २ वाचतात, राहेल आपल्या मुलांसाठी रडते आणि तिचं सांत्वन होत नाही, कारण ती राहिली नाहीत. सांत्वन करून घ्यायला ती नाही म्हणते आणि शुभवर्तमान तिला तसंच राहू देतं, तिला कुणी समजावायला जात नाही. बाळाचा सण चालू असतानाच बाळं गेलेल्या आयांचा दिवस त्याच आठवड्यात ठेवलाय. यंदा तो रविवारी आलाय. पुष्कळ ठिकाणी त्या रविवारीही कॅरल्सच लावतात, म्हणून तुझ्या पाळकांना आधी विचार की त्या दिवसाचे पाठ वाचणार का. नसतील वाचणार तर मला कळव, मी त्यांच्याशी बोलेन.

कोरी_पाटी

नाव ठेवलं होतं. आम्ही पुण्यातच आहोत. पण २१ ला एकटीने यायला धीर होत नाही, नवऱ्याची त्या दिवशी ड्युटी आहे.

जांभूळबन

मी त्या दिवशी क्वायरमध्ये बसणार नाहीये, आधीच सांगून टाकलंय. गेटवर भेटा, मावशी पण असेल, आपण तिघी मागे बसू. पत्ता आणि वेळ व्यनि केलाय. बाळाचं नाव कसं लिहायचं तेवढं त्यात कळवा.

कोरी_पाटी

कळवलं.